डेल्फ्टचे सायकलमार्गांचे जाळे : पाच वर्षांच्या रोजच्या वापरानंतर

एखाद्या शहराच्या सायकलमार्गांविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न हमखास किलोमीटरचा येतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट या शहरात पाच वर्षे रोज सायकल चालवल्यावर मी तो प्रश्न विचारणे सोडून दिले आहे. घराचा उंबरठा ओलांडल्यावर किती अंतरावर निर्धास्त मार्ग हाती लागतो आणि मुक्कामाचे ठिकाण येईपर्यंत तो मध्येच कुठे तुटतो का, एवढेच मी आता पाहते. या कसोटीवर डेल्फ्टचे जाळे मला अत्यंत मोलाचे वाटते. त्यात उणिवा आहेत आणि त्यांतल्या काही अलीकडे वाढत चालल्या आहेत. त्यांविषयीही पुढे सविस्तर लिहिले आहे.

आमच्या घरी मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी असे तिघे आहोत, आणि सासूबाई दर उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे येऊन राहतात. आमच्याकडे मोटार नाही. शाळा, कचेरी, भाजीबाजार, दवाखाना, स्टेशन, पोहण्याचा तलाव ही सगळी ये-जा सायकलनेच होते. त्यामुळे हे परीक्षण हौशी सायकलस्वाराचे नसून, ज्यांचा संसारच सायकलवर चालतो अशा कुटुंबाचे आहे, असे समजून वाचावे.

या जाळ्याचा पूर्वेतिहास थोडा विस्ताराने सांगते, कारण त्याची खरी किंमत तिथेच कळते. हॉलंडमध्ये सायकली पूर्वीपासूनच होत्या आणि म्हणून तिथे सगळे आपोआप झाले, असा आपल्याकडे समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर या देशातही मोटारी वाढल्या, त्यांच्यासाठी रस्ते रुंद झाले आणि सायकलस्वार कडेला ढकलले गेले. १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मरण पावली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले, आणि ‘मुलांचे खून थांबवा’ अशा थेट नावाची चळवळ उभी राहिली. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले आणि काही रविवार मोटारींविना काढावे लागले. १९७५ मध्ये सायकलस्वारांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. याच काळात सरकारने द हेग आणि टिलबुर्ग या शहरांत प्रत्येकी एक नमुनेदार सायकलमार्ग बांधला. मार्ग रुंद होता, वेगळा होता, आणि त्यावर सायकलस्वारांची गर्दीही झाली. परंतु अभ्यासाअंती असे दिसले की ही गर्दी बहुतांशी शेजारच्या रस्त्यांवरून सरकून आलेली होती. शहरात एकंदर सायकल चालवणाऱ्यांचे प्रमाण तेवढ्याने वाढले नाही. ज्याचे घरही त्या मार्गालगत आणि कामाची जागाही त्याच मार्गालगत, असा माणूस शहरात किती जणांमागे एक सापडणार?

डेल्फ्टने या अनुभवातून पुढचे पाऊल टाकले. १९७९ मध्ये संपूर्ण शहरासाठी सायकलमार्गांच्या जाळ्याचा आराखडा तयार झाला आणि १९८२ ते १९८७ या काळात तो प्रत्यक्षात उतरला. त्यात मार्गांच्या तीन पातळ्या ठरवल्या होत्या. शहरपातळीचे मार्ग साधारण ४०० ते ६०० मीटर अंतराने असावेत आणि ते शहर आरपार ओलांडून नेणारे असावेत. विभागपातळीचे मार्ग २०० ते ३०० मीटरवर असावेत आणि त्यांनी शाळा, दुकाने, मैदाने जोडावीत. वस्तीपातळीचे मार्ग १०० ते १५० मीटरवर असावेत आणि ते प्रत्येकाच्या दारापर्यंत पोहोचावेत. म्हणजे जाळ्याची वीण मोठ्या रस्त्यांवर विरळ आणि घराजवळ दाट.

मी हे सासूबाईंना नकाशा पुढे ठेवून समजावून सांगत होते, तेव्हा त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळले. त्यांचे माहेर इंदापूर तालुक्यात, नीरेच्या डाव्या कालव्याच्या भिजीत. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे कालवा, चारी आणि सरी. कालव्याला पाणी सुटलं आणि चारीच फुटलेली असली, तर ऊस वाळतोच की गं.’’ तेव्हापासून आमच्या घरात शहरपातळीच्या मार्गाला कालवा आणि गल्लीतल्या मार्गाला सरी असेच म्हणतात, आणि मुलगी डच मैत्रिणींनाही तेच शब्द शिकवते.

या आराखड्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग असा की, त्यात आधी तुटलेले सांधे शोधण्यात आले. सगळीकडे नवे मार्ग बांधत सुटण्याची गरज नव्हती. शहर कालव्यांनी, रेल्वेमार्गाने आणि मोठ्या रस्त्यांनी चिरलेले होते. पलीकडची शाळा डोळ्यांना दिसत असूनही तिथे जायला लांबचा वळसा पडे. अशा ठिकाणी सायकलींसाठी लहान पूल आणि भुयारी मार्ग करण्यात आले. मोटारींसाठी एकदिशा असलेल्या अनेक गल्ल्या सायकलींसाठी दोन्ही दिशांना मोकळ्या करण्यात आल्या, आणि त्यासाठी बहुधा खांबावर एक लहान पाटी लावणे एवढाच खर्च आला. आधी आणि नंतर केलेल्या पाहण्यांत शहरातील एकूण फेऱ्यांमधला सायकलींचा वाटा ४० टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. तीन टक्के म्हणजे फार नव्हेत, असे कोणाला वाटेल. पण जिथे मुळातच दर पाच फेऱ्यांपैकी दोन सायकलने होत होत्या तिथे ही वाढ झाली, आणि ज्या काळात मोटारी खरेदी करणाऱ्यांची संख्या वाढतच होती त्या काळात झाली, हे लक्षात घेतले पाहिजे.

आता रोजचा अनुभव. आम्ही शहराच्या दक्षिणेकडील टांटहॉफ भागात राहतो. दारातून बाहेर पडले की जी गल्ली आहे, तिच्यात सायकलमार्ग असा वेगळा आखलेलाच नाही, आणि त्याची गरजही नाही. गल्ली नागमोडी आहे, मध्ये झाडांचे चौथरे आहेत, फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर आहेत. मोटारीला तिथे माणसाच्या चालीने जावे लागते. या प्रकारच्या गल्लीला डच भाषेत ‘वोनएर्फ’ म्हणतात, म्हणजे वस्तीचे अंगण, आणि ही कल्पना डेल्फ्टमध्येच १९६०च्या दशकाअखेरीस रुजली व १९७६ मध्ये तिला कायद्यात स्थान मिळाले. गल्लीच्या तोंडाशी आले की विभागपातळीचा मार्ग लागतो आणि तो शाळेपर्यंत जातो. शाळा ओलांडून पुढे गेले की रुंद, तांबड्या डांबराचा शहरपातळीचा मार्ग येतो आणि तो स्टेशनपर्यंत नेतो. घर ते स्टेशन हे तीनेक किलोमीटरचे अंतर मी बारा-तेरा मिनिटांत, घाम न येता, साडी नेसूनही कापते. या संपूर्ण वाटेवर भरधाव मोटारींच्या प्रवाहात शिरावे लागते असे एकही ठिकाण नाही.

जिथे हा मार्ग एखाद्या लहान रस्त्याला छेदतो, तिथली रचना जवळून पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे असे ठिकाण आले की फुटपाथ संपतो, सायकलमार्गही संपतो, आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. इथे उलटे आहे. तांबडे डांबर तसेच सलग, त्याच उंचीवर पुढे जाते, आणि वळून येणाऱ्या मोटारीलाच तिरक्या कापलेल्या दगडांवरून वर चढून, मार्ग ओलांडून, पुन्हा खाली उतरावे लागते. ते दगड इतके उभे असतात की वेग कमी केल्याशिवाय मोटार चढतच नाही. त्यांच्या अलीकडे रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची एक ओळ रंगवलेली असते. त्रिकोणांची टोके ज्याच्याकडे रोखलेली, त्याने थांबायचे, एवढा साधा नियम आहे आणि माझी मुलगी तो सहाव्या वर्षी शिकली. मोठ्या चौकांत सायकलींसाठी वेगळा सिग्नल असतो. त्याच्या खांबावर बटण असते आणि काही ठिकाणी बटणाभोवती पांढऱ्या ठिपक्यांचे कडे असते. किती थांबायचे ते ठिपके एकेक करून विझत जातात. भर थंडीत, हातमोज्यांतली बोटे आखडलेली असताना, ते उरलेले चार ठिपके पाहूनही धीर येतो, आणि मला वाटते की सिग्नल तोडण्याची इच्छा कमी होण्यामागे त्या ठिपक्यांचा वाटा फार मोठा आहे.

काही जुन्या रस्त्यांवर वेगळा मार्ग बसवायला जागाच नाही. तिथे संपूर्ण रस्ताच तांबडा करून त्याला सायकलरस्ता असे नाव दिलेले असते आणि पाटीवर लिहिलेले असते : ‘मोटार ही पाहुणी’. मोटारीला बंदी नसते, मात्र तिने सायकलींच्या मागून, त्यांच्या वेगाने जायचे असते. दोन सायकली शेजारी शेजारी चालवण्याला या देशात कायद्याने मुभा आहे, त्यामुळे मुलीच्या बरोबरीने तिच्याशी बोलत जाता येते. हे सुख मला अन्य कुठल्याही सोयीपेक्षा मोठे वाटते.

सासूबाईंविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. त्या सहासष्ट वर्षांच्या आहेत. लग्नाआधी शाळेत त्या सायकलने जात, नंतर पंचेचाळीस वर्षे त्यांनी पॅडलवर पाय ठेवला नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्यासाठी खालच्या दांड्याची, बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी जुनी सायकल घेतली. पहिले आठ दिवस त्या फक्त आमच्या गल्लीत फिरल्या. दुसऱ्या आठवड्यात शाळेपर्यंत गेल्या. महिन्याअखेर त्या एकट्या शनिवारच्या बाजारातून मेथीसारखी दिसणारी कुठलीशी पालेभाजी आणि दोन किलो बटाटे कॅरिअरला लावून घेऊन आल्या. त्यांना मी विचारले, भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, ‘‘भीती वाटायला मध्ये काही आलंच नाही.’’ आराखडा करणाऱ्यांनी सरी, चारी आणि कालवा या क्रमाने वाट बांधली होती, म्हणून त्यांचे धाडसही त्याच क्रमाने वाढत गेले. या जाळ्याचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही.

स्टेशनवरील व्यवस्थेला मी पूर्ण गुण देते. पूर्वी डेल्फ्टच्या मध्यातून रेल्वेगाड्या उंच पुलावरून धडधडत जात. २०१५ मध्ये बोगदा सुरू झाला, लोहमार्ग जमिनीखाली गेला, आणि त्यासोबत स्टेशनखाली हजारो सायकली मावतील असा तळ झाला. उतारावरून सायकल चालवतच खाली जाता येते. दुमजली स्टँडपैकी वरच्या स्टँडला स्प्रिंगचा आधार असल्यामुळे जड सायकलही फार जोर न लावता वर चढते. पहिले चोवीस तास पैसे पडत नाहीत. सायकल लावून फलाटावर पोहोचायला मला चार मिनिटे लागतात. याच ठिकाणी रेल्वेची भाड्याची सायकलही मिळते. दुसऱ्या गावी उतरून तिथली सायकल घ्यायची आणि काम आटोपून परत द्यायची, ही सोय आमच्या घरी मोटार नसण्यामागचे खरे कारण आहे.

आता उणिवा. १९८०च्या दशकात बांधलेल्या मार्गांची रुंदी त्या काळच्या सायकलींना पुरेशी होती. आज त्याच मार्गावर पुढे पेटी लावलेल्या, दोन-तीन मुले बसवून नेणाऱ्या रुंद सायकली आहेत, ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विजेच्या सायकली आहेत, जाड टायरच्या सायकलींवरून सुसाट जाणारी शाळकरी मुले आहेत, आणि निळ्या पाटीच्या हलक्या मोपेडही आहेत. या मोपेडस्वारांना २०२३ पासून हेल्मेट सक्तीचे झाले, तरी त्यांपैकी बऱ्याच जणांना सायकलमार्गावरून जाण्याची मुभा अजून आहे. सकाळी आठ ते पावणेनऊ या वेळेत विद्यापीठाकडे जाणारे मार्ग इतके भरतात की वेगांमधल्या या तफावतीची मला मुलीसाठी काळजी वाटते. जाळ्याची वीण उत्तम आहे. धागा मात्र आता जाड करायला हवा. जिथे शक्य आहे तिथे मोटारी उभ्या करण्याच्या जागा कमी करून ही रुंदी मिळवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या गावठाणात, म्हणजे चर्च आणि बाजारचौकाच्या आसपास, फरसबंदी विटांची आहे. दिसायला ती सुंदर आहे, पण पावसात निसरडी होते आणि कंबर दुखणाऱ्यांना तिथले हादरे सोसत नाहीत. कालव्यांच्या कठड्यांना टेकवलेल्या सायकलींमुळे चालणाऱ्यांना वाट उरत नाही, हा तर नेहमीचा त्रास. ज्या रस्त्यांवर ट्रामचे रूळ आहेत, तिथे ते शक्य तितक्या काटकोनात ओलांडावेत; चाक रुळाच्या खाचेत गेले की सायकल सावरता येत नाही. वारा ही उणीव मानायची की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. चढ नावालाही नसलेल्या या प्रदेशात नोव्हेंबरातला समोरचा वारा कात्रजच्या घाटाएवढा दम काढतो, आणि उघड्या शेतांतून जाणाऱ्या मार्गांवर त्याला अडवणारी झाडे पुरेशी नाहीत.

नवख्या माणसाला वाटा सापडतात का, या बाबतीत माझा अनुभव संमिश्र आहे. गावाबाहेर फिरायला जायचे असेल तर क्रमांकित सांध्यांची पद्धत अप्रतिम आहे. बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात १९९५ मध्ये ह्यूगो बोलेन या खाणअभियंत्याच्या कल्पनेतून ती सुरू झाली आणि पुढे नेदरलँड्सभर पसरली. जिथे दोन सायकलमार्ग मिळतात तिथे एक क्रमांक असतो. निघण्यापूर्वी चिठ्ठीवर पाच-सहा क्रमांक लिहून घ्यायचे आणि पाट्या पाहत जायचे, की नकाशा उघडण्याची गरजच उरत नाही. रविवारी आम्ही स्खी नदीच्या काठाने रॉटरडॅमच्या दिशेने असेच जातो. शहराच्या आत मात्र पाट्यांवर मुख्यतः लांबच्या गावांची नावे असतात. दवाखाना, वाचनालय, शाळा यांच्याकडे नेणाऱ्या लहान वाटा पाट्यांवर कमी सापडतात. ज्या वाटा या जाळ्याचे खरे वैभव आहेत, त्याच नव्याने आलेल्या माणसाला सर्वांत उशिरा कळतात. आम्हाला आमच्या मुलीच्या शाळेची जवळची वाट शेजारच्या आजोबांनी दाखवली, तोपर्यंत आम्ही दोन महिने लांबून जात होतो.

दरवर्षी ऑगस्टअखेरीस महाराष्ट्रातून बरेच विद्यार्थी इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठात येतात. त्यांच्यासाठी थोडे. नवी सायकल घेऊ नका. जुनी, साधी, पॅडल उलटे फिरवले की ब्रेक लागणारी सायकल घ्या, आणि तिच्या किमतीच्या मानाने महाग वाटेल असे कुलूप घ्या. खाचाखळग्यांची खात्री नसलेल्या रस्त्यावर आपण सायकल अंतर राखून चालवतो. इथे माणसे फार जवळून जातात, त्याची सवय व्हायला महिना लागतो. वळण्यापूर्वी हात दाखवलाच पाहिजे. दिवा नसेल किंवा हातात फोन असेल तर दंड होतो. पाट्या आणि त्रिकोण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला, मग तो सायकलवर असला तरी, आधी जाऊ द्यायचे असते. २००१ पासून हा हक्क सायकलींनाही आहे. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, हे तर पहिल्याच सकाळी लक्षात ठेवावे लागते.

हे सर्व लिहिताना पुणे सतत डोळ्यांपुढे होते. माझे शालेय आयुष्य तिथे सायकलवर गेले आणि शाळा सुटल्यावर फाटकातून एकदम बाहेर पडणाऱ्या शंभरेक सायकलींच्या घंट्या मला आजही ऐकू येतात. पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला आणि त्यात आठशेहून अधिक किलोमीटरच्या जाळ्याचा विचार आहे. असे आराखडे आपल्या शहरांत होत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. डेल्फ्ट हे लाखभर वस्तीचे सपाट गाव, आणि पुण्याचा पसारा त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे इथले आकडे उचलून तिथे लावता येणार नाहीत. पण तीन पातळ्यांचा विचार आणि तुटलेले सांधे आधी जोडण्याचा क्रम यांना मोठा निधीही लागत नाही आणि सपाट जमीनही लागत नाही. एखादा प्रभाग निवडावा, त्यातल्या दोन शाळा, एक मंडई आणि एक बसथांबा नकाशावर मांडावेत, आणि दहा वर्षांचे मूल या चारही ठिकाणी एकटे जाऊ शकेल का, हे प्रत्यक्ष सायकलवर बसून पाहावे. ज्या ठिकाणी पाय टेकवावा लागेल, तिथे खडूने खूण करावी. कामाची यादी तिथेच तयार होईल.

माझी मुलगी यंदापासून शाळेत एकटी जाते. पहिल्या दिवशी मी गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्यामागून गेले. तिने तिथे वळण्यासाठी डावा हात सरळ बाहेर काढला, विभागाच्या मार्गाला लागली, आणि मागे वळून न पाहता पुढच्या दोन मुलांच्या मागोमाग निघून गेली.